आजोबांच्या वाडग्यातलं अंडं

वसाहतीच्या फाटकाला कुलूप लागल्याच्या तेविसाव्या दिवशी लू मास्तरांना पँटचा पट्टा एक भोक सैल करावा लागला. तेव्हा ते पहिल्यांदा घाबरले.

शांघायमध्ये कोरोनाच्या टाळेबंदीच्या त्या एप्रिलात सगळ्यांचेच पट्टे आवळत चालले होते. सरकारी पेटी आठवड्यातून एकदा यायची. कोबी, गाजरं, खारवलेल्या डुकराच्या मांसाचा एक तुकडा, कधी अंडी. त्यात तीन माणसं. मुलगा निंगबोच्या कारखान्यात अडकलेला. मग सत्तर वर्षांच्या म्हाताऱ्याचं पोट सुटतं कसं?

मास्तर म्हणजे शाळामास्तर नव्हेत. चाळीस वर्षं एका छापखान्यात त्यांनी मुद्रितं तपासली, म्हणून लोक मास्तर म्हणायचे. चूक दिसली तरी लाल शाईने ती कधी खोडली नाही. शिसपेन्सिलीने समासात बारीकसं प्रश्नचिन्ह करायचे. न जाणो, लिहिणाऱ्याचंच बरोबर असलं तर.

"आजोबा, घ्या." पंधरा वर्षांच्या रुइनिंगने अंड्याचा तुकडा चॉपस्टिकने उचलून त्यांच्या वाडग्यात ठेवला.

"तू खा की गं."

"मी करता करता खाल्लं. तुम्हाला ताकद हवी."

हल्ली स्वयंपाक तीच करायची. कोबीला असा काही वास सुटायचा की शेजारी दार उघडून बघायचे. सून छिउफनचे डोळे भरून यायचे. "बाबा, थोड्या दिवसांत पोरगी किती शहाणी झाली हो! मागच्या वर्षी अंड्यावरून माझ्याशी भांडायची."

मास्तर खाली मान घालून खायचे. नाही म्हणावं तर पोरीचं मन मोडतं, आणि अशा दिवसांत अन्न टाकणं म्हणजे पापच.

आजोबांना अंडं वाढणाऱ्या रुइनिंगचा छिउफनने फोटो काढून इमारतीच्या ग्रुपवर टाकला. इमारतीची व्यवस्था बघणाऱ्या माओ मावशी दुसऱ्या दिवशी अंगणात उभ्या राहून भोंग्यावरून ओरडल्या, "तिसऱ्या मजल्यावरची लूंची नात बघा! घरातल्या म्हाताऱ्याला आधी, मग स्वतःला! शिका काहीतरी!"

चौथ्या मजल्याच्या खिडकीतून फांग आजी म्हणाल्या, "आमचा ठोंब्या नातू बघा. तोही माझ्या वाडग्यात हाडूक टाकतो, पण चोखून!"

सगळी इमारत हसली. रुइनिंगही हसली. त्या दिवसापासून अंड्यापाठोपाठ मांस आणि मांसापाठोपाठ अर्धा भातही मास्तरांच्या वाडग्यात येऊ लागला. आता तिला कोण म्हणणार, खा म्हणून? सगळी इमारत तिची पाठ थोपटत होती.

मास्तरांना दिसत नव्हतं असं नाही. बाहेर ऊन तापत होतं आणि पोरगी लोकरीच्या स्वेटरमध्ये. मांडीवर गरम पाण्याची पिशवी. फोनवरचा वर्ग ती उभ्यानेच ऐकायची. दुपारी मास्तर पडलेले असताना बाल्कनीत पावलं वाजायची, इकडून तिकडे, तिकडून इकडे, आणि ओठांत आकडे. हातावर पीचच्या सालीसारखी बारीक लव आली होती. मास्तर मनातल्या मनात प्रत्येकापुढे पेन्सिलीचं प्रश्नचिन्ह काढायचे. थंडी असेल. व्यायाम असेल. वयच तसं असेल.

एकदा त्यांनी सुनेला विचारलं होतं, "पोरगी वाळलीय का गं?"

"सगळेच वाळलेत बाबा. तुम्ही सोडून." ती थट्टेत म्हणाली.

पट्टा सैल केला त्याच सकाळी घशाच्या तपासणीसाठी रांग लागली. अंगणात दोन-दोन मीटरवर पांढऱ्या खुणा, प्रत्येक खुणेवर एक माणूस. रुइनिंग बुटाची नाडी बांधायला पायरीवर बसली. पँटचा काठ वर सरकला, आणि मोज्याच्या वर मास्तरांना तिचा पाय दिसला.

बाकी सगळी काठी झालेली, आणि घोटा मात्र गुबगुबीत. मोज्याची खूण खोल रुतलेली.

मास्तर आपली खूण सोडून पुढे आले, गुडघ्यांवर बसले आणि तिच्या नडगीवर अंगठा दाबला. अंगठा काढला. खळगा तसाच राहिला.

"आजोबा, काय करताय? लोक बघतायत!" तिने पाय ओढून घेतला.

मास्तरांना लोक दिसत नव्हते. त्यांना आन्हुईतलं गाव दिसत होतं, साठ सालच्या दुष्काळातलं. ते आठ वर्षांचे होते, ताई शिउलान तेरा. "मी खाल्लंय" म्हणून ताई आपली पेज त्यांच्या वाडग्यात ओतायची. आधी ती वाळली, मग सुजली. तिच्या पायावर बोटाने खळगे पाडायचा त्यांना खेळच लागला होता. मळलेल्या कणकेत पडावेत तसे पडायचे. ताई हसायची.

वर घरात आल्यावर ते म्हणाले, "छिउफन, तिचा स्वेटर काढून बघ."

"बाबा, भलतंच काय? मोठी झालीय ती."

"काढ म्हणतो ना!" त्यांचा चढलेला आवाज सुनेने पहिल्यांदाच ऐकला.

आतल्या खोलीत आधी रुइनिंगचं ओरडणं ऐकू आलं, मग एकदम काहीच नाही. छिउफन बाहेर आली ती ओठ पांढरे होऊन. तिने गॅस पेटवला. आठवड्याचं सगळं मांस, सगळी अंडी, भाताचं अख्खं पातेलं. "आत्ताच्या आत्ता खायचं. माझ्यासमोर. दोन वाडगे. नाहीतर..."

रुइनिंग दारातच थांबली. "नको आई. मला नाही जमत. खरंच नाही जमत गं."

मास्तरांनी गॅस बंद केला.

"बाबा! तुम्हीच बघायला लावलंत ना..."

"खायला घालू नकोस. डॉक्टरशिवाय नको." त्यांना धाप लागली. "धान्य आलं तेव्हा आईने ताईला शिगोशीग वाडगा भरून दिला. ताईने सगळा संपवला. संध्याकाळी गेली. भुकेने नाही मेली ती, छिउफन. जेवून मेली."

साठ वर्षांत हे त्यांनी कोणालाच सांगितलं नव्हतं.

ते खाली गेले. रांग अजून सरकत होती. माओ मावशी पांढऱ्या पोशाखात घामाघूम झाल्या होत्या.

"गाडी हवीय. नातीला दवाखान्यात न्यायचंय."

"ताप आहे?"

"नाही."

"मास्तर, डायलिसिसवाल्या शूंना काल गाडी मिळाली नाही. आणि पोरगी जेवत नाही म्हणून गाडी? त्या दिवशीच तर भोंग्यावर मी तिचं नाव घेतलं!"

एरवी मास्तर "बरं" म्हणून माघारी फिरले असते. फिरलेही. तीन पावलं गेले. मावशींचं बरोबर असेल. सूज मिठाची असेल. आपण म्हातारे, आपल्या डोक्यात अजून तो दुष्काळ.

मग ते परत आले आणि त्यांनी मावशींच्या हातातून भोंगा घेतला.

"मी लू," ते म्हणाले. भोंगा किंचाळला. खिडक्यांतून डोकी बाहेर आली. "तिसऱ्या मजल्यावरचा. माझी नात मला प्रेमाने देत नाही. ती जेवतच नाही. तिला जेवणाची भीती वाटते, आणि मी तेवीस दिवस तिच्या वाट्याचं खातोय. माझा पट्टा बघा. तुम्ही तिचं कौतुक केलंत, मी ऐकत बसलो. तिच्या पायावर खळगा पडतोय. कृपा करा. मला गाडी हवीय."

कोणी हसलं नाही. वरून फांग आजी ओरडल्या, "माओ, बघतेस काय? तू बत्तीस सालची नाहीस, मी आहे! तो दुष्काळ बघितलाय मी! फोन कर!"

माओ मावशींनी फोन केला. तेवीस दिवस ज्या आवाजात त्या इमारतीला दटावत होत्या, त्याच आवाजात त्यांनी फोनवरच्या माणसाला तासभर दटावलं.

गाडी दुपारी आली. सोबत एकालाच परवानगी होती, आणि फाटकाचं कुलूप उघडेपर्यंत गेलेल्याला परत येता येणार नव्हतं. छिउफन पिशवी घेऊन बसली. रुइनिंगने जिन्यात कोणाचा हात धरला नाही. सगळ्या खिडक्यांखालून ती एकटी चालत गेली, आणि गाडीत चढताना मागे वळून मास्तरांकडे बघितलं. तसं तिने त्यांच्याकडे आजवर कधी बघितलं नव्हतं.

पाच वाजता छिउफनचा फोन आला. "बाबा, नाडी चौतीस. छातीला तारा लावल्यात. डॉक्टर म्हणतात, चमच्याचमच्यानेच चालवायचं, घाई केली तर हृदय... घरी काही भरवलं का, हे दोनदा विचारलं त्यांनी."

"वाचेल ना?"

"रात्र जाऊ दे म्हणाले."

मास्तर टेबलाशी बसले. पातेल्यात भात तसाच होता. सहाला फोन वाजला. रुइनिंगचा निरोप होता.

"तुम्ही सगळ्यांसमोर सांगितलंत. मी तुमच्याशी पुन्हा कधीही बोलणार नाही."

त्यांनी तो तीनदा वाचला, मुद्रित वाचायचे तसा, एकेका अक्षरावर बोट ठेवून. बोटं चालताहेत तिची. राग येतोय तिला. त्यांनी लिहिलं, "बरं. उद्या सकाळी हेच पुन्हा लिहून पाठव."

मग फोन भाताच्या वाडग्याशेजारी उभा करून ते सकाळची वाट बघत बसले.