मनुबाईंचं पूर्ण नाव

सुमतीताईंना आमच्या ऑफिसात सगळे टरकून असायचे, मालकसुद्धा. नौपाड्यात एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर आमची ट्रॅव्हल एजन्सी होती. तीन टेबलं आणि एक फोन, एवढाच पसारा. १९८६ साली आखातात जाणाऱ्यांची नुसती रीघ लागलेली. समोरचा माणूस खुर्चीत टेकायच्या आत ताई म्हणायच्या, "घरी काय हाक मारतात ते नको, पासपोर्ट काय म्हणतो ते दाखवा." मग आधी आडनाव, मग तिरकी रेघ, मग नाव, असं एकेक अक्षर त्या कागदावर मांडायच्या, पासपोर्टशी दोनदा ताडून बघायच्या आणि मगच एअरलाइनला फोन लावायच्या. मला ही नसती कटकट वाटायची. तिशीतला मी, स्वतःला फार शहाणा समजायचो.

ताई रजेवर होत्या त्या दिवशी मनुबाई आल्या. कळव्याच्या खाडीकाठी त्यांचं घर. पन्नाशी ओलांडलेली, अंबाड्यात अबोलीचा गजरा, आवाज असा खणखणीत की खालच्या दवाखान्यातले पेशंट वर बघायचे. त्यांची लेक मालू बहारीनला होती. आधी दोनदा पोटातच मूल गेलेलं. आता आठवा लागलेला आणि डॉक्टरांनी पलंगावरून उठायचं नाही म्हणून बजावलेलं. जावई दिवसभर कामावर. त्यानं सासूचा व्हिसा पाठवला होता, तो बारा दिवसांत संपणार होता.

"पासपोर्ट?"

"घरा ट्रंकेत हाय."

उद्या घेऊन या, एवढंच म्हणायचं होतं मला. पण व्हिसा संपायच्या आतल्या विमानात दोनच जागा उरलेल्या. मी फोन कानाला लावून विचारलं, "मावशी, पूर्ण नाव?"

"मनुबाई."

"पुढे?"

त्या खणखणीत बाई एकदम चुळबुळल्या. पदर सारखा केला, दाराकडे बघितलं, खाली बघितलं. मग म्हणाल्या, "गोमाजी तांडेल." मी तेच फोनवर सांगितलं, आणि कसं फटक्यात काम केलं म्हणून मनातल्या मनात खूश झालो.

मंगळवारी त्या तिकीट न्यायला आल्या. विमान गुरुवारचं. ताईंनी सवयीनं तिकीट आणि पासपोर्ट शेजारी शेजारी ठेवले, आणि मला हाक मारली. "विश्राम, हे गोमाजी कोण?"

"माजा बापूस," मनुबाईच बोलल्या.

पासपोर्टात स्वच्छ लिहिलेलं, मनुबाई परशुराम कोळी. फॉर्म जावयाच्या भावानं भरलेला, त्यामुळे तिथे बिनचूक. आणि घाबरलेला माणूस करतो तेच मी केलं, समोरच्यावर डाफरलो. "अहो मावशी, लग्न झालेल्या बाईनं नवऱ्याचं नाव सांगायला नको?"

"कसं सांगतील?" ताई थंडपणे म्हणाल्या. "त्या नवऱ्याचं नाव घेत नाहीत. घेतलं तर त्याचं आयुष्य कमी होतं असं मानतात, आणि तो रोज होडी घेऊन पाण्यात जातो. तू विचारलंस, त्यांना जे नाव तोंडाने घेता येतं ते त्यांनी सांगितलं. चूक तुझी आहे. फोन आण इकडे."

एअरलाइनवाल्यांनी उडवून लावलं. नाव बदलता येत नाही, दुसऱ्याच्या नावाच्या जागा विकणारे दलाल माजलेत, हे तिकीट रद्द करा. पुढची जागा? वीस दिवसांनी. तोवर व्हिसा गेलेला असणार, आणि मालू एकटीच.

बुधवारी सकाळी ताईंनी ठाणे कोर्टाबाहेर प्रतिज्ञापत्र टाइप करून घेतलं की मनुबाई गोमाजी तांडेल आणि मनुबाई परशुराम कोळी ही एकच व्यक्ती आहे. तिथून आम्ही थेट फोर्टातलं एअरलाइनचं ऑफिस गाठलं. मनुबाईंबरोबर त्यांचे यजमान परशुराम नाखवाही आले. सुकलेले, उंच, कमी बोलणारे. गालिच्यावर पाय कसा ठेवायचा म्हणून ते दाराजवळच्या बाकावर बसून राहिले.

काउंटरवरचा साहेब खडूस, पण न्यायी वाटला. ताईंनी पहिलंच वाक्य टाकलं, "चूक आमच्या ऑफिसची आहे, या बाईंची नाही." अशी कबुली द्यायला छाती लागते. माझ्यात ती नव्हती. साहेबानं कागद उलटेपालटे केले आणि म्हणाला, "असले कागद दलालही आणतात. मी बाईंनाच विचारणार. बाई, तुमचं पूर्ण नाव सांगा."

मनुबाईंचे ओठ घट्ट मिटले. मी घाईघाईनं म्हणालो, "परशु..." तर साहेबानं हात वर केला. "तुम्ही नाही."

ताईंनी मनुबाईंना थोडं बाजूला घेतलं. "मावशी, बळजबरी नाही. नसेल घ्यायचं नाव तर नका घेऊ. मी इथे संध्याकाळपर्यंत बसते, वरच्या साहेबांकडे जाते. बघू काय होतं ते."

"आनि नाय झालं तं?"

ताई खोटं बोलल्या नाहीत. "तर उद्याचं विमान जाईल."

मनुबाईंनी बाकाकडे पाहिलं. नाखवा छताच्या पंख्याकडे बघत बसलेले. पस्तीस वर्षं त्या बाईनं हे नाव जपून ठेवलेलं, रोज तो माणूस पाण्यात जाताना. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, तरी त्या काउंटरपाशी ताठ उभ्या राहिल्या. इतकी धीराची बाई मी पुन्हा पाहिली नाही.

"मनुबाई," त्या म्हणाल्या. मग एक मोठा श्वास घेतला. "मनुबाई परशुराम कोळी."

आवाज मूळचाच खणखणीत. अख्खं ऑफिस वळून बघायला लागलं. दाराजवळ नाखवा ताडकन उभे राहिले, बावरून इकडेतिकडे बघायला लागले. मग त्यांना उमगलं की हाक नव्हती. मनुबाई मात्र मागे वळून त्यांच्याकडेच बघत होत्या, पांढऱ्याफटक पडलेल्या, खरंच काहीतरी होणार अशा धास्तीनं.

नाखवा तो गालिचा तुडवत सरळ काउंटरपाशी आले आणि मनुबाईंच्या शेजारी उभे राहिले.

"हाय गो मी," ते म्हणाले. "हयाच हाय. जा तू पोरीकडं."

साहेबानं पेन उघडलं आणि तिकिटावरचं नाव बदलून शिक्का मारला.