माझा नकाशा सात वर्षांपूर्वीचा आहे

मित्रांनो, मी जीपीएस आहे, पण रस्त्यावरच्या गाडीतला नाही. छोट्या विमानातला आहे, आणि जुना आहे. तळहाताएवढा जाडजूड देह, समोर सात बटणं, डोक्यावर बोटाएवढा अँटेना. माझी हकिगत ऐकून तुम्हाला कदाचित माझी दया येईल. ती नको. मी चिडलेलो आहे, आणि कशासाठी, ते तेवढं नीट ऐका.

माझा जन्म दूरदेशीच्या एका कारखान्यात झाला. तिथं मला भट्टीत तापवलं, बर्फात गारठवलं, टेबलावरून फरशीवर पाडलं. तरीही मी बंद पडलो नाही, तेव्हा कुठं मला खोक्यात घातलं. पोटात चार पेन्सिल सेल आणि एक नकाशा. त्या नकाशात धावपट्ट्या, नद्या, डोंगर, कारखान्यांच्या चिमण्या, मनोरे, सगळं होतं. उपग्रहांचं ऐकायचं, आपण कुठं आहोत ते ओळखायचं आणि वैमानिकाला दाखवायचं, एवढंच माझं काम.

मी कलबुर्गीजवळच्या एका लहान कंपनीत आलो. तिच्याकडं एकच चार आसनी विमान होतं. कालव्यांचे, उसाच्या क्षेत्राचे, नदीच्या पुराचे फोटो वरून काढून द्यायचे, हा कंपनीचा धंदा. पहिले मालक स्वतः निवृत्त वैमानिक होते. जमिनीवर रोज काहीतरी नवं उभं राहतं, म्हणून माझा नकाशाही ताजा करावा लागतो. दर चार आठवड्यांनी मेकॅनिक मडिवाळप्पा मला कार्यालयातल्या संगणकाला वायरनं जोडायचा आणि नवा नकाशा माझ्यात भरायचा. मग मऊ फडक्यानं माझी काच पुसायचा. ते दिवस चांगले होते. भीमेच्या पाण्यावर ऊन चमकायचं, गाणगापूरच्या संगमावरून वळण घेताना मी नेमका आकडा दाखवायचो, आणि म्हातारे मालक बोटानं माझ्या डोक्यावर हलकेच टकटक करायचे.

ते गेले. कंपनी किशनरावांनी घेतली.

किशनराव वाईट माणूस नव्हते. बोलायला गोड, कामगारांच्या घरच्या लग्नाला आवर्जून जाणारे. पण वर आभाळात विमानाला काय लागतं, ते त्यांना कधी कळलंच नाही. त्यांच्या पहिल्याच महिन्यात नकाशाची वर्गणी थांबली. मडिवाळप्पानं आठवण केली, तेव्हा ते मला हातात घेऊन म्हणाले, "चालायलंय की. दणकट हाय. चालत्या वस्तूला कामून हात लावायचा?"

मित्रांनो, हे माझं कौतुक होतं. मला त्या दिवशी अभिमानही वाटला. आज त्या अभिमानाची लाज वाटते. माझ्या टिकाऊपणाचं कौतुक करून करूनच त्यांनी माझी उपेक्षा केली. एक वर्ष गेलं, दोन गेली, सात गेली. मला चालू केलं की मी पहिल्याच पडद्यावर स्वतःहून सांगायचो : नकाशाची मुदत संपली आहे. खाली तारीख दाखवायचो. आणि प्रत्येक वेळी कुणाचं तरी बोट 'ठीक' हे बटण दाबायचं आणि पुढं जायचं.

विजयश्री आली ती याच काळात. अफजलपूरची मुलगी. वडील विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करून द्यायचे. त्यांच्या शेजारी बसून तांब्याच्या तारा गुंडाळता गुंडाळता ती मोठी झाली, आणि शिष्यवृत्ती मिळवून विमान चालवायला शिकली. यंत्राशी कसं बोलायचं ते तिला कळायचं. माझी बटणं ती न बघता दाबायची. हात घामेजलेले असोत की विमान खडखडत असो, तिचं बोट चुकायचं नाही.

तिनं किशनरावांना तीनदा सांगितलं. तिसऱ्या वेळी तर कागदावर लिहून नेलं. मडिवाळप्पा तिथंच उभा होता आणि मी त्याच्या हातात होतो.

"सर, नवीन घेऊ," ती म्हणाली. "पण पडदा उन्हात वाचता आला पाहिजे. बटणं पाहिजेत, नुसती काच नको. टाकीतलं पेट्रोल संपंस्तोवर सेल पुरला पाहिजे. समोर मनोरा आला तर वरडून सांगणारा पाहिजे. आन् सगळ्यात आधी हे बघा, आपल्या भागाचा नकाशा दर महिन्याला कोण देणार हाय."

"बरं, बघतो," किशनराव म्हणाले. कागद घडी करून त्यांनी खिशात घातला.

आठवड्यानं ते हैदराबादहून एक भलामोठा टॅब्लेट घेऊन आले. आरशासारखा चकचकीत. त्यात त्यांनी फुकट मिळणारा एक नकाशा भरून आणला होता. विक्रेत्यानं दुकानातल्या थंड हवेत दाखवला, आणि यांना आवडला. "पाहुणे इमानात बसल्यावर कसं भारी दिसतंय, बघ," ते म्हणाले.

"यात मनोरे न्हाईत, सर," विजयश्री म्हणाली.

"ते जुनं हाय की जोडीला. दोन-दोन झाले. आनखी काय पाहिजे तुला?"

असा मी जोडीला उरलो. दाराच्या कप्प्यात, सांडलेल्या बिस्किटांच्या चुऱ्यात.

मग तो एप्रिलचा दिवस आला. कालव्याचे फोटो काढायला पाटबंधारे खात्याचा अभियंता नागेश विजयश्रीच्या शेजारी बसला होता. दुपार तापलेली. करजगीच्या पुढं गेल्यावर पश्चिमेकडून वारा उठला आणि बघता बघता सगळं आभाळ धुळीनं मळकट झालं. खाली जमीन दिसेना, पुढं क्षितिज दिसेना. नेमका तेव्हाच समोरच्या काचेवर लावलेला, उन्हात तापलेला टॅब्लेट काळा झाला. त्यावर एकच ओळ उरली : यंत्र फार गरम झाले आहे.

विजयश्रीनं कप्प्यात हात घातला आणि मला बाहेर काढलं. मी उठलो. मुदत संपल्याची पाटी दाखवली. तिनं 'ठीक' दाबलं.

मी उपग्रह शोधले आणि तिला नदी दाखवली. बरोबर दाखवली. चार हात इकडं नाही की तिकडं नाही. ती धुळीच्या थराखाली उतरली, नदीच्या काठाकाठानं घराकडं निघाली. माझ्या पडद्यावर समोरची जागा मोकळी होती, स्वच्छ आणि कोरी. नागेशनं विचारलं, "काही काळजी नाही ना, मॅडम?" तिनं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "पुढं काही नाही."

पुढं मनोरा होता.

पवनचक्क्या उभारायच्या आधी वारा मोजायला उभा करतात तसा. काठीसारखा बारीक, राखाडी, चारी बाजूंनी तारांनी ताणलेला. तो उभा राहून दोन वर्षं झाली होती. माझ्या नकाशाला सात. मी कुठं आहे हे मला पक्कं ठाऊक होतं. माझ्या भोवती काय उभं राहिलंय हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

तिला तो दिसला तेव्हा अंतर फार थोडं उरलं होतं. तिनं विमान असं काही आडवं केलं, की मी तिच्या मांडीवरून उडून छताला आपटलो. मनोरा चुकला. तार चुकली नाही. डाव्या पंखाचं टोक कागदासारखं फाटलं आणि विमान डावीकडं ओढ घ्यायला लागलं. दोन्ही हातांनी दांडा धरून विजयश्रीनं ते एका काढणी झालेल्या तुरीच्या रानात उतरवलं. पुढचं चाक ढेकळात रुतलं, मोडलं, आणि आम्ही नाकावर थांबलो. नागेशच्या खांद्याचं हाड मोडलं होतं. तो जिवंत होता. तीही.

रान कमलबाई नावाच्या बाईचं होतं. ती हातातलं खुरपं तसंच घेऊन धावत आली. नागेशला बाहेर ओढायला तिनं हात दिला, आपल्या पदरानं त्याचा हात गळ्यात बांधला आणि मग विजयश्रीकडं वळली.

"तूच चालवायलतीस व्हय हे?"

"व्हय, मावशी."

"मग बस खाली. आधी पानी पी."

विजयश्री ढेकळावर बसली. पाणी प्यायली. मग उठून तिनं मला विमानातून बाहेर काढलं. मला वाटलं, आता फेकून देईल. तिनं मला खिशात ठेवलं आणि चेन लावली.

संध्याकाळी किशनराव जीप घेऊन आले. नागेशची विचारपूस करून झाली, आणि मग विजयश्रीला बाजूला घेऊन ते हळू आवाजात म्हणाले, "चौकशीला लोक येतील. ते जुनं यंत्र इमानात नव्हतंच म्हण. धुळीत दिसलं न्हाई, म्हणून झालं. तुझं लायसन मी बघून घेतो."

"नागेशचा खांदा कोण बघून घेणार, सर?" ती म्हणाली.

एवढंच. पण मी इतकी वर्षं तिच्या हातात राहिलो होतो. तिचा आवाज असा थंड झालेला मी कधी ऐकला नव्हता.

चौकशीचे अधिकारी आले, तेव्हा तिनं मला टेबलावर ठेवलं आणि त्यांना मला चालू करायला सांगितलं. माझा पहिला पडदा उजळला. अधिकाऱ्यांनी तारीख वाचली, चष्मा काढून पुन्हा वाचली. "हे रोज दिसत होतं?" त्यांनी विचारलं.

"रोज," विजयश्री म्हणाली. "मालकांना मी तीनदा सांगितलं, ते खरं. पण हे बटण मीपण दाबलं. प्रत्येक उड्डाणाला दाबलं. त्या दिवशीपण."

मडिवाळप्पा भिंतीला टेकून उभा होता. तो पुढं येऊन म्हणाला, "साहेब, नकाशा भरायचं काम माझं. ते बंद झालं तसं मी इमान वर सोडायला नको होतं. मीपण सोडत राहिलो."

अधिकारी म्हणाले, असं यंत्र मदतीला असतं, डोळ्यांच्या जागी नसतं, आणि धूळ दिसताच परत फिरायला हवं होतं. विजयश्रीनं मान्य केलं. तिचा परवाना सहा महिने थांबला. कंपनीचं काम वर्षभर थांबलं. दोन्ही शिक्षा रास्त होत्या. नागेशचा हात आजही पुरता वर जात नाही. त्याची भरपाई कुठल्याच कागदात मला दिसली नाही.

सहा महिन्यांनी विजयश्री बीदरकडच्या दुसऱ्या एका कंपनीत लागली. जायच्या आधी ती मडिवाळप्पाला भेटायला आली. त्याच दिवशी किशनरावांनी विकायच्या सामानाची यादी लावली होती. त्या यादीत मीही होतो. माझ्या नावापुढं लिहिलं होतं : उत्तम चालू स्थितीत.

मडिवाळप्पानं यादी वाचली. मला उचललं, फडक्यानं काच पुसली, जशी इतकी वर्षं पुसत होता तशी. मग खणातून पक्कड काढली.

"अण्णा, काय करायलाव?" विजयश्रीनं विचारलं.

"अक्का, हे कुणाच्या तरी इमानात जाईल. त्योपण बटण दाबील."

त्यानं माझा अँटेना मुळापासून तोडला. मग सेल काढले, कप्प्याचं झाकण मोडलं आणि यादीतली माझी ओळ पेनानं खोडली. विजयश्रीनं त्याला अडवलं नाही. तिनं ते पेन घेतलं आणि खोडलेल्या ओळीखाली स्वतःची सही केली.

मित्रांनो, आता मी मुका आहे, आणि हे बरंच झालं. तुमच्या घरात, गाडीत, दवाखान्यात, शाळेत माझ्यासारखी यंत्रं असतील. 'अजून चालतंय' एवढ्यावर त्यांना शाबासकी देऊ नका. त्यांना शेवटचं नवं काय शिकवलं, ते विचारा. ती स्वतःहून काही सांगत असतील, तर थांबून वाचा. आणि सांगण्यासारखं त्यांच्याजवळ काही उरलं नसेल, तर फडक्यानं एकदा पुसा आणि माणसांच्या वाटेतून बाजूला काढा. आम्हाला त्याचं वाईट वाटत नाही. वाईट वाटतं ते आमच्यावर विश्वास ठेवून कुणी मोकळ्या दिसणाऱ्या जागेत शिरतं, त्याचं.