घराभोवती शिकलेली गाडी

गोठ्याचा कोपरा थोडक्यात वाचला, तशी भावाने दाराची मूठ आणखी घट्ट धरली. बहीण स्टिअरिंगला जवळजवळ छाती टेकवून बसली होती. घराला वळसा घालून जीप पुन्हा अंगणात आली आणि दोन आचके खाऊन बंद पडली.

"बघ. म्हणे ताईला जमणार नाही!"

"जमलं की," भाऊ घाम पुसत म्हणाला.

फोनवर तसंच ठरलं होतं. गाडी एकटीने चालवता आली तर तिने इथं राहायचं, नाही तर सामान बांधून त्याच्याबरोबर खाली शहरात यायचं. रिकामी खोकी तो येतानाच घेऊन आला होता. या उघड्या पठारावर दुसरं घर नव्हतं, आणि दाजी गेल्यापासून तर घरातही दुसरं माणूस नव्हतं.

"आता मागे घेऊन दाखव."

ती बाहीने आरसा पुसत बसली.

"ते शिकवायचं राहिलं यांचं. रिव्हर्स पुढच्या आठवड्यात, म्हणाले होते."

"आणि उतारावर समोरून गाडी आली म्हणजे?"

"इथं समोरून कोण येणार रे!"

ती हसली, आणि आपलंच बोलणं ऐकून मध्येच थांबली. दाजी गेले तेव्हा आलेला भाऊ त्यानंतर थेट आज उगवला होता. त्याला स्वतःची लाज वाटली.

त्याने तिला गिअर कसा टाकायचा ते दाखवलं, दाबून डावीकडे, मग वर. मग तो आपल्या गाडीत जाऊन बसला.

"मी पुढे होतो. तू मागून ये, डांबरी रस्त्यापर्यंत."

"आणि खोकी?"

"राहू देत गाडीत. आधी ये तर खरी."

पहिल्याच वळणाला तो दिसेनासा झाला. दोन्ही बाजूंना दगडी बांध, मध्ये एका गाडीपुरती वाट. ती जीव मुठीत धरून उतरत राहिली. उगाच एकदा हॉर्न वाजवला, पण खालून उत्तर आलं नाही. उडालेली धूळही बसली होती. गेला हा, तिला वाटलं, काम उरकलं याचं. तिला फार एकटं वाटलं.

पुढच्या वळणावर अचानक गाडीचं तोंड दिसलं. तिने कचकन ब्रेक दाबला. डांबरी रस्त्यावरून वळवून आणलेली भावाची गाडी वर तोंड करून उभी होती. त्याने इंजिन बंद केलं आणि खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"ताई, समोरून गाडी आलीय."

"चावटपणा पुरे. तू घे मागे, तुला येतं."

"चढणाऱ्याला वाट द्यायची असते. घे सावकाश, मला घाई नाही. पुढच्या रविवारीही असाच आडवा येणार आहे."

तिने डोळे पुसले. गिअर दाबला, डावीकडे ओढला. कर्रर्र आवाज झाला. जीप हिसका देऊन मागे सरकली, थांबली, पुन्हा सरकली.

भावाने गाडी सुरू केली. ती जेवढी मागे जाई, तेवढाच तो वर येत राहिला.