सगळ्या समुद्रावर सासी

ओर्पा मांब्रासारला आयुष्यात आता एकच गोष्ट हवी होती. ‘तात्पुरती मॅनेजर’ यातलं ‘तात्पुरती’ गेलं पाहिजे. याफनेर बेटावरच्या त्या महागड्या लॉजमध्ये तिने बारा वर्षं चादरी बदलल्या, पाच वर्षं स्वयंपाकघर सांभाळलं. आधीचा मॅनेजर खाऱ्या वाऱ्याला कंटाळून पळाला, तेव्हा मालक हेंद्रवानसाहेब सुराबायाहून फोनवर म्हणाले, “सहा महिने तू बघ. मग बालीचा एक शिकलेला मुलगा आहे माझ्या डोळ्यासमोर.” त्या मुलाला ओर्पाने कधी पाहिलं नव्हतं, पण रोज सकाळी उठल्या उठल्या ती त्याला मनातल्या मनात दोन शिव्या घालायची.

आणि बाई नुसती मिरवत नव्हती बरं का. प्लास्टिकच्या बाटल्या तिने हद्दपार केल्या. उरलंसुरलं अन्न गावातल्या डुकरांना, दिवे सगळे उन्हाच्या विजेवर, सहाही झोपड्या सागूच्या पानांनी शाकारलेल्या. फक्त एका गोष्टीबद्दल कुणी विचारल्याशिवाय बोलायचं नाही, असं साहेबांचं धोरण होतं. ते म्हणजे स्वयंपाकघरामागचं गोड्या पाण्याचं यंत्र. समुद्राचं पाणी ओढायचं, त्यातलं मीठ काढायचं आणि सहा झोपड्यांतल्या सहा दगडी टबांत सोडायचं. उन्हाच्या विजेवर ते धूड हलेना, म्हणून डिझेलचा जनरेटर दिवसभर धडधडायचा, आणि मागे उरलेलं जहाल खारं पाणी गुपचूप प्रवाळावर जायचं. वरून टबात फुलांच्या पाकळ्या टाकायच्या. ते काम ओर्पा स्वतः करायची.

पाचव्या महिन्यात कळलं की डेन्मार्कहून लिस्बेटबाई येताहेत. जगभरची लॉजं तपासायची आणि निसर्गाला त्रास न देणाऱ्यांना हिरवी पाटी द्यायची, हा बाईंचा उद्योग. इंडोनेशियात पंधरा वर्षं काढलेली बाई, भाषा येत होती, त्यामुळे थापा मारायची सोय नव्हती. “पाटी मिळाली तर तू पक्की,” साहेब म्हणाले. “नाही मिळाली तर बालीचा मुलगा. आणि मीही येतोय बाईंबरोबर.”

तेव्हा ओर्पाच्या डोक्यात सासीची कल्पना आली. गावाला सासी नवी नव्हती. पाद्रीबाबा प्रार्थना करायचे, किनाऱ्यावर खांब रोवायचे, आणि ज्याचं नाव घेतलं ती चीज वर्षभर कुणी पाण्यातून काढायची नाही. कधी शेवंड, कधी समुद्रकाकडी, कधी लोला शिंपले. देवाला साक्षी ठेवून घातलेली सासी, मोडणाऱ्याची धडगत नसे. लॉजसमोरच्या पाण्यावर बाईंच्या देखत सासी घातली की पाटी खिशात, असा तिचा हिशोब.

“यंदा कशावर घालायची? शेवंड?” पाद्रीबाबांनी विचारलं.

“एवढंसं कशाला, बाबा? सगळ्यावरच घाला की! बाई एवढ्या लांबून यायच्या, त्यांच्यासमोर दोन शेवंडींची सासी काय घालायची?”

“सगळ्यावर म्हणजे अगदी...”

“अगदी सगळ्यावर. या धक्क्यापासून त्या खडकापर्यंत समुद्रातलं काही म्हणजे काही काढायचं नाही. होऊ दे दणक्यात!”

आणि झालंही दणक्यात. गुरुवारी सकाळी अख्खं गाव होड्यांतून आलं. बायकांनी भजनं म्हटली, पाद्रीबाबांनी हात उंचावून समुद्र बंद केला, लिस्बेटबाईंचे डोळे भरून आले, साहेबांनी खांबाला टेकून फोटो काढून घेतले. ओर्पाला वाटलं, जिंकलो.

तेवढ्यात पेनिनामावशी धक्क्याच्या कडेला वाकून पाण्यात बघायला लागली. ही ओर्पाची सख्खी मावशी, आणि सासी राखणाऱ्या बायकांची पुढारी.

“ओर्पे, हा पाईप काय करतो गं?”

“पाणी ओढतो, मावशी. नेहमीचंच.”

“कुठलं पाणी?”

“समुद्राचं...” म्हणता म्हणता ओर्पाला आपलेच शब्द आठवले.

“मग तोही सासीत आला,” मावशीने सुपारी या गालातून त्या गालात सरकवली. “तूच म्हणालीस ना, सगळं?”

यंत्र चालवणारा देमिनुस शेजारीच उभा होता. तो सरळ यंत्राच्या खोलीत गेला आणि धडधड थांबली. ओर्पा धावत त्याच्या मागे गेली.

“अरे देमिनुस, चालू कर ते! पाहुणे आहेत!”

“ताई, माझ्या मेव्हण्याने सासीतला एक लोला उचलला होता. एकच. चौथ्या दिवशी पोट असं फुगलं की शर्टाची बटणं लागेनात. सोरोंगच्या डॉक्टरने लिव्हर सांगितलं. लिव्हर म्हणे! मला तीन पोरं आहेत, ताई. तुमचं तुम्ही बघा.”

ओर्पाने पाद्रीबाबांना गाठलं. “बाबा, पाण्यापुरती तेवढी सोडवा ना.”

“देवासमोर घातलेली सासी तासाभरात सोडवू? पोरखेळ आहे का हा? वर्ष होऊ दे.”

टाकीत होतं तेवढं पाणी साहेबांनी संध्याकाळी एका टबात उडवलं. शुक्रवारी सकाळी ते अंगभर साबण लावून उभे, आणि नळाने नुसती फुसफुस केली. त्यांनी मारलेली हाक गावापर्यंत गेली असावी, कारण अर्ध्या तासात पेनिनामावशी चार बायका आणि झऱ्याच्या पाण्याचे आठ डबे घेऊन होडीतून हजर. झरा चर्चच्या मागे, होडीने दहा मिनिटांवर. “घे गं बाई, तुझ्या पाहुण्यांना काय वास मारू द्यायचा?” मावशी म्हणाली. सासी राखणारीही तीच आणि पाणी आणणारीही तीच, तिच्यावर रागवायचं तरी कसं!

झोपडीमागे दोन बादल्या आल्या. ओर्पाने बादल्यांतच पाकळ्या टाकल्या आणि प्रत्येक दाराशी तोंडभर हसून सांगितलं, “ही आमची पारंपरिक आंघोळ.” जाकार्ताहून हनिमूनला आलेलं जोडपं दुसऱ्या बादलीवरून इतकं भांडलं की नवरा रात्री झुल्यावर झोपला. लिस्बेटबाई मात्र खूष. चहाला बसल्या असताना त्यांनी सहज विचारलं, “परवा मी आले तेव्हा मागून कसली तरी धडधड येत होती. आता येत नाही.”

“पक्षी,” साहेब म्हणाले. “मोठा असतो.”

ओर्पाने चहात तोंड बुडवलं.

रविवारी सगळं गाव चर्चमध्ये, लिस्बेटबाईही मावशीबरोबर गेलेल्या. साहेबांनी ओर्पाला यंत्राच्या खोलीत बोलावलं. तीन दिवसांत त्यांच्या मानेवर खाऱ्या वाऱ्याने पुरळ उठलं होतं.

“आत्ता कुणी नाहीये. तासभर चालव. टाकी भरली की बंद.”

“नाही जमणार, साहेब.”

“तू पोटाला घाबरतेस?”

खरं तर ओर्पा पोटाला घाबरत नव्हती. तिला लाज वाटत होती. तिने देवाला टबातल्या पाकळ्यांसारखं वापरलं होतं, दिसायला बरं म्हणून. आणि गावाने ते खरं मानलं. देमिनुसने यंत्र बंद केलं, मावशी साठीच्या कंबरेवर डबे वाहत होती. आता आपणच बटण दाबायचं? मग बेटावर कुणाला तोंड दाखवायचं?

“माझी हौस होती, साहेब. बाईंना दाखवायला घातली मी सासी. पण घातली ती घातली. मी नाही दाबणार.”

“मग आजपासून तुझं काम संपलं. सतरा वर्षांचं, समजलं?”

ओर्पाने छातीवरची नावाची पट्टी काढली, कमरेची यंत्राची किल्ली काढली, आणि दोन्ही त्यांच्या हातात ठेवल्या. “मग आता तुम्हीच दाबा. देमिनुस दाबायचा नाही. या बेटावर दुसरं कुणीही दाबायचं नाही.”

“बालीचा मुलगा दाबेल!”

“विचारून बघा.”

साहेबांनी तिथल्या तिथे स्पीकरवर फोन लावला. पलीकडच्या मुलाने सगळी हकिगत ऐकून घेतली. मग अदबीने म्हणाला, “सर, तिथल्या पुजाऱ्याची परवानगी घेतलीय का? नाही? मग मला वाटतं, सर, माझ्या आईची तब्येत जरा बरी नसते, एवढ्या लांब येणं कठीणच आहे.” ज्याला पाच महिने शिव्या घातल्या, त्याला ओर्पाने मनातल्या मनात आशीर्वाद दिला.

साहेबांनी किल्ली फिरवली. हिरव्या बटणासमोर बोट नेलं. आता हा माणूस कसला, तर वार आणि तिथी बघितल्याशिवाय गोदामाचं कुलूपही न उघडणारा. बोट हवेतच राहिलं. त्यांनी बटणाकडे बघितलं, मग स्वतःच्या पोटाकडे. ते आधीच पट्ट्यावरून पुढे आलेलं होतं.

“त्या देमिनुसच्या मेव्हण्याचं,” साहेबांनी घसा खाकरला, “पुढे काय झालं?”

“वारला.”

“सासीमुळे?”

“ते मला कसं माहीत असणार, साहेब? मी काय डॉक्टर आहे?”

लांबून पाण्यावरून भजनाचा आवाज येत होता. साहेबांनी बोट मागे घेतलं, पँटला पुसलं, आणि किल्ली आणि पट्टी ओर्पाच्या हातात कोंबली.

“हे वर्षभर पाण्याशिवाय लॉज चालवणार कोण?”

“कोण चालवणार?”

“जिने हा घोळ घातला ती. कायमची. कागद उद्या देतो. पाटी मिळो न मिळो.”

ओर्पाला हसू आलं आणि रडूही आलं, आणि दोन्ही एकदमच बाहेर पडलं. तिने बाहीने नाक पुसलं.

“आणि त्या बाईंना काय सांगायचं?” साहेबांनी विचारलं.

“खरं सांगू की, साहेब. यंत्र होतं, डिझेलवर चालायचं, आता बंद आहे. तुम्ही नाही सांगितलंत तर मी सांगते.”

साहेबांनी मान खाजवली. पुरळ भलतंच चुणचुणत असावं. “सांग बाई, काय सांगायचं ते सांग. आधी मला आंघोळीला पाणी दे.”

“बायका चर्चमध्ये आहेत, साहेब,” पट्टी छातीला लावत मॅनेजर म्हणाली. “होडी धक्क्याला आहे, डबे तिथेच ठेवलेत. आत्ताच गेलात तर बरं, प्रार्थना सुटली की झऱ्यावर रांग लागते.”