नवाबाची करंगळी

बोट ठेवा, मित्रांनो, घाबरू नका. मी एक जुने थंब मशीन आहे. सोलापूरच्या पूर्व भागात, सिद्धरामअण्णांच्या ई-सेवा केंद्रात, टेबलाच्या कोपऱ्यावर माझी जागा आहे.

मी नवे होते तेव्हा अण्णा मला रोज मऊ फडक्याने पुसत. बोट टेकताच मी माणूस ओळखत असे. "लई गुणाचं मशीन हाय," असे लोक म्हणत. आता माझ्या काचेवर चरे पडले आहेत आणि फडके कुठे गेले ते कुणालाच ठाऊक नाही. माझ्या पोटात कुणाचा ठसा राहत नाही म्हणतात, पण मला बोटे आठवतात. चादरीच्या कारखान्यातली तेलकट बोटे, चुन्याने भाजलेली गवंड्याची बोटे. आणि अर्शीची.

अर्शी आणि तिची आई माजिदा घरी विड्या वळतात. गेल्या वर्षी अर्शीला नर्सिंगला प्रवेश मिळाला. शिष्यवृत्ती मिळाली तरच ती शिकणार होती, आणि ती आईबरोबर केंद्रात आली तो अर्जाचा शेवटचा दिवस होता. आधारला जोडलेला मोबाइल नंबर तिच्या वारलेल्या वडिलांचा होता. तो केव्हाच बंद पडला होता, मग ओटीपी येणार कुठून? म्हणून तिची ओळख मीच पटवायची होती.

तिने अंगठा ठेवला. मला एकही रेघ दिसली नाही. पडद्यावर लाल खूण उमटली.

"हात धुऊन आलीस का गं?" अण्णांनी विचारले.

अर्शीने मान खाली घातली. "तंबाखूचा वास येतो ना, म्हणून पाय घासायच्या वजरीनं घासले. लिंबू पण लावलं."

"या अल्ला! वळून वळून आधीच रेघा गेल्या, उरल्या त्या तू घासल्यास?" माजिदाने कपाळावर हात मारला.

दुसरा अंगठा ठेवला, मग अंगठ्याशेजारची बोटे. पुन्हा लाल. मागून कुणी ओरडले, "अण्णा, आमचं कवा?"

"थांबा की जरा! पोरीचं वरीस जातंय हितं," अण्णा म्हणाले. मग हळूच म्हणाले, "लई येळा चुकलं तर आधार आज पुन्हा बोट घ्यायचं न्हाय बघ."

मी जीव तोडून बघत होते. अर्शी रडत रडत बोट अर्धवटच टेकवत होती, त्यामुळे दिसल्या त्या रेघाही पुसट दिसत.

माजिदा चिडली. "नीट टेकव की! ती करंगळी बघा, विडी वळताना हवेत, हितंबी हवेत. नवाब चहा पितोय जणू!"

रडता रडता अर्शी थांबली. "अम्मी, ही विडीच्या पानाला कधी लागतच नाही. हिला घासलं पण नाही."

अण्णांनी शर्टाच्या बाहीने माझी काच स्वच्छ पुसली. अर्शीने डावी करंगळी टेकवली. एक रेघ दिसली. मग दुसरी. मग सगळ्याच.

हिरवी खूण!

"घरातली एकटीच आळशी, तीच कामाला आली की!" अण्णा हसले. माजिदा मात्र हसली नाही. तिने लेकीची ती करंगळी आपल्या मुठीत घट्ट धरली.

यंदा अर्शी दुसऱ्या वर्षाचा अर्ज भरायला आली. तारीख संपायला बरेच दिवस होते. तिने हात घासले नव्हते. ओढणीच्या टोकाने तिने आधी माझी काच पुसली, मग करंगळी ठेवली.

मित्रांनो, तुम्हीही माझी काच पुसत जा. शेवटच्या दिवसाची वाट बघू नका. आणि कामाचा वास येतो म्हणून हात असे घासू नका, की मलाही तुम्ही ओळखू येणार नाही.