मेंढरांनी सोडलेला पाला

शासनानं दगडखाणींच्या नव्या नियमांचा मसुदा काढून गावागावांकडून सूचना मागवल्या होत्या. मुदत आजचीच, आणि दुपारी ग्रामसभा. मसुद्यात लिहिलं होतं, खडी क्रशर वस्तीपासून दोनशे मीटरवर चालेल. वर्षाराणीच्या अकरा महिन्यांच्या अंजूला उन्हाळ्यात लागलेला खोकला थंडी पडली तरी उतरला नव्हता.

नुसतं 'धूळ फार येते' लिहून भागणार नाही, हे बीएस्सी झालेल्या वर्षाराणीला कळत होतं. पुरावा पाहिजे. तो सापडला सासऱ्याकडं. धूळ बसलेल्या पाल्याला मेंढरू तोंड लावत नाही, असं मेंढरं राखणारे धुळाजी नेहमी सांगायचे. म्हणून सकाळीच अंजूला कडेवर घेऊन ती त्यांच्याबरोबर क्रशरपासून घराच्या दिशेनं मेंढरांमागं पावलं मोजत निघाली. मधेच थांबून पोरीच्या छातीला कान लावायची, की पुन्हा चालायची.

साडेचारशे पावलांवर पहिल्या मेंढीनं बोरीला तोंड घातलं. म्हणजे तीनशे मीटर. घर पाचशे मीटरवर होतं.

"मामा, जरा पुढं हाका ना."

"हाकल्यानं भूक बदलती का, बाई?"

तिनं गुपचूप कागदावर पाचशे लिहिलं. धुळाजींनी काय लिहिलं ते विचारलं. तिला खोटं सांगवेना.

"मेंढरानं तीनशे सांगितलं अन् तू पाचशे लिहून राह्यली?"

"मंग ही खोकती कशानं?"

धुळाजींनी मान वर करून वारा पाहिला. "आता वारं उगवतीचं हाय, धूळ घराच्या उलट्या अंगाला जाती. चैतात मावळतीचं सुटलं की ह्यांना पार पाटाच्या पल्याड न्यावं लागतंय."

पाट घराच्याही पलीकडं होता. वर्षाराणीनं पाचशे खोडलं.

सभेत तिनं सगळं सांगितलं तेव्हा पुंजाराम हसला. त्याचे दोन टिप्पर क्रशरवर चालत. "आता कायदा मेंढरं लिहिणार का, वहिनी?" सगळे हसले. ग्रामसेवक म्हणाले, रकाना एकच आहे, एकच आकडा सांगा.

"आकडा नका लिहू, भाऊसाहेब. धूळ जाती तिथवरचं अंतर चैत्र-वैशाखात मोजावं, अन् गावानं मोजावं, असं लिहा."

"अन् तव्हा मेंढरांनी क्रशरच्या दारातलाच पाला खाल्ला तर?" पुंजारामनं विचारलं.

वारा कुणाच्या हातातला नव्हता.

"तर तेवढंच अंतर."

धुळाजींचा हात वर गेला, मागं बसलेल्या बायांचे गेले, हळूहळू पुरुषांचेही. भाऊसाहेब लिहू लागले. वर्षाराणी अंजूला सावरत टेबलाजवळ जाऊन उभी राहिली, एकेक शब्द वाचत. 'धूळ जाते तिथपर्यंतचे अंतर चैत्र-वैशाखात मोजावे' एवढं लिहून त्यांनी शिक्क्याची डबी उघडली.

तिनं कागदावर बोट ठेवलं.

"कुणी मोजावं ते राह्यलं, भाऊसाहेब."