वारुजानच्या अठरा तारा

फरामर्ज अर्धा तास पियानो वाजवत होता आणि त्याची थोरली बहीण अख्तर दाराशी उभी राहून हसू दाबत होती. नवरोज, म्हणजे इराणी नववर्षाचा पाडवा, आठ दिवसांवर आला होता. घर झटकून झालं होतं, गालिचे धुऊन गच्चीवर पडले होते, ताटलीत गव्हाचे कोंब बोटभर वर आले होते. त्याने हात उचलले तशी ती पुढे आली.

"काही फरक वाटतो का?"

"कशात?"

"कशात म्हणे! पियानोत."

फरामर्जने तिचा चेहरा न्याहाळला. काहीतरी वाटायला हवं होतं, एवढं त्याला कळलं. गेली दोन वर्षं तो असाच दिवस काढत होता. समोरच्याच्या ओठांवरून, नजरेवरून अंदाज बांधायचा आणि ठोकून द्यायचं.

"वाटतो की," तो म्हणाला. "आज मोकळा बोलतोय."

"बोलणारच! हिवाळाभर नुसती कुरकुर चालली होती तुझी. पियानो दबलाय, वरचे सूर मेलेत, गोधडीतून आल्यासारखा आवाज येतोय. म्हटलं, एवढं सगळं घर झटकलं, तर या बापड्याने काय पाप केलंय? तू सकाळी कब्रस्तानात गेलास आणि मी संगीतशाळेतल्या माणसाला बोलावलं. तीन तास खपला बिचारा. म्हणाला, खानम, सहा पट्ट्यांच्या अठरा तारा उतरलेल्या होत्या, इतकी वर्षं कोणी बघितलं कसं नाही? सगळ्या चढवून जागेवर आणल्या त्याने."

फरामर्ज पियानोपासून उठला.

त्या अठरा तारा उतरलेल्या नव्हत्या, उतरवलेल्या होत्या. पियानो पडला फिरंगी. सेगाह हा इराणी राग ज्या सुरावर उभा आहे, तो पियानोच्या दोन पट्ट्यांच्या मधल्या फटीत राहतो. तो हवा तर तार उतरवावी लागते, आणि तार उतरवली की फिरंगी संगीत त्याच पियानोवर भांडायला उठतं. फरामर्ज तरुणपणी व्हिएन्नाहून शिकून आला तो एकच वेड डोक्यात घेऊन. डाव्या हाताने तिकडचं, उजव्या हाताने इकडचं, एकाच पियानोवर, एकाच वेळी, आणि भांडण न होता. तेहरानचे जुने उस्ताद त्याला बाटगा म्हणाले, संगीतशाळेतले शहाणे बेसूर म्हणाले. पाठीशी उभा राहिला तो एकटा मुस्यू वारुजान, पियानो लावणारा आर्मेनियन. दर महिन्याला यायचा, शिव्या देत खुंट्या पिरगाळायचा. तीस वर्षं दोघांनी त्या सहा पट्ट्या केसाकेसाने खालीवर केल्या, प्रत्येकीचं माप वेगळं. तेव्हा कुठे भांडण मिटलं आणि फरामर्जचं एकमेव मोठं काम पुरं झालं, चाळीस मिनिटांचं.

मापं मात्र कोणीच लिहून ठेवली नाहीत. फरामर्ज म्हणायचा, ती वारुजानच्या हातात आहेत. वारुजान म्हणायचा, ती उस्तादांच्या कानात आहेत. युद्धाच्या दिवसांत, संगीतावर बंदी असताना, दोन टेप भरल्या होत्या, त्या एका झडतीत गेल्या त्या गेल्याच. गेल्या हिवाळ्यात वारुजानही गेला. आज सकाळी फरामर्ज फुलं ठेवायला गेला होता तो त्याच्याच कबरीवर.

"आबजी," तो बहिणीला म्हणाला, आणि मग त्याचा आवाज चढला तो चढतच गेला. "तू काय केलंस! वारुजानला पुन्हा मारलंस तू! माझी तीस वर्षं झाडून, पुसून, केराच्या टोपलीत टाकलीस!"

काय झालं ते अख्तरला हळूहळू कळलं, आणि मग ती जी रडायला लागली ती तीन दिवस थांबली नाही. जेवली नाही, शेजारी पाडव्याची मिठाई घेऊन आले त्यांना दारातून परत पाठवलं. "माझा हात का नाही झडला," एवढंच म्हणायची.

आणि फरामर्ज हे बघत बसला. एका वाक्यात तिची सुटका झाली असती. पियानो दबलेला नव्हता, आबजी, माझे कान गेलेत. मोडून ठेवलेल्या पियानोवर मी अर्धा तास वाजवलं आणि मला पत्ता लागला नाही. पण बहिरा उस्ताद म्हणजे काय राहिलं? गल्लीतली पोरंही हसली असती. तो रोज दाढी करत होता, इस्त्रीचा शर्ट घालत होता आणि बहिणीला रडू देत होता. माणूस आतून किती हीन होऊ शकतो, ते त्याला त्या तीन दिवसांत कळलं.

गुरुवारी गुलनूश आली. ही त्याची शेवटची शिष्या, तिशीची, हुशार आणि फटकळ. पाडव्यानंतर दोनच दिवसांनी ती कायमची व्हिएन्नाला जाणार होती, आणि जाताना उस्तादांचं काम ध्वनिमुद्रित करून सोबत नेणार होती. उसने आणलेले माइक तिने भिंतीशी टेकवले, अख्तरकडून सगळं ऐकलं आणि कपाळावर हात मारून घेतला.

"बरं, झालं ते झालं," ती म्हणाली. "मुस्यू वारुजानची चावी अजून खिळ्याला आहे ना? मी खुंट्या फिरवते. उस्ताद, तुम्ही फक्त खाली, वर, एवढं सांगा."

"तुला काय भाजी घ्यायची वाटली? खाली, वर!"

"मग काय करायचं, उस्ताद? रडत बसायचं? माझ्याकडे हे माइक आजच्याच दिवसापुरते आहेत. आणि तुमच्या कानात नसतील तर ते सूर दुसऱ्या कुणाच्या कानात असणार?"

फरामर्ज डोकं दुखतंय म्हणाला, मग छातीत जळजळतंय म्हणाला. गुलनूश हट्टाने चावी हातात घेऊन उभीच. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून अख्तर म्हणाली, "पहिला मला येतो."

"तुम्हाला?"

"तीस वर्षं त्या भिंतीपलीकडे कांदे चिरतेय मी. कान काय काढून ठेवत होते?"

गुलनूशने आपसूक खिडकी लावली; बाईचं गाणं रस्त्यावर ऐकू गेलेलं तिथे चालत नव्हतं. अख्तरने पदर सावरल्यासारखी डोक्यावरून घेतलेली चादर सावरली, डोळे मिटले आणि सूर धरला. फरामर्जला दिसला तो तिचा ताणलेला गळा. लहानपणी ती अशीच गायची. वडिलांनी एकदा मुस्कटात मारून ते बंद केलं होतं, आणि त्याच वर्षी त्याच्यासाठी हा पियानो घोडागाडीतून आला होता.

"खाली घे," अख्तर म्हणत होती. "अजून. अगं केसभर म्हटलं, वीतभर नाही! हां. थांब. हेच ते."

दुपारपर्यंत पाच पट्ट्या झाल्या, पंधरा तारा. दोघी घामाघूम झाल्या होत्या, मधेच हसतही होत्या. अख्तर तीन दिवसांत पहिल्यांदा हसत होती. फरामर्ज खुर्चीत बसून मधूनमधून मान हलवत होता, त्यांची मान हलली की.

राहिली सर्वांत वरची पट्टी. तीस वर्षांचं ते काम ज्या एका सुरावर येऊन संपायचं, तो हा. अख्तरने दोनदा तोंड उघडलं आणि मिटलं.

"हा काही नीट येत नाहीये गं," ती म्हणाली. "जा, चहा टाक जरा. घसा सुकलाय."

गुलनूश आत गेली. अख्तर भावासमोर येऊन उभी राहिली, अगदी जवळ, त्याला ओठ दिसतील अशी.

"फरामर्ज, हा शेवटचा माझ्या डोक्यात दोन तऱ्हांनी येतो. नीट ऐक. हा," आणि तिच्या गळ्याची शीर ताणली. मग तिने श्वास घेतला. "की हा?" पुन्हा शीर ताणली.

फरामर्जला म्हातारीच्या श्वासासारखं काहीतरी लांबून ऐकू आलं. दोन्ही वेळा तेवढंच. त्याने विचार केल्यासारखं केलं.

"पहिला," तो म्हणाला. "दुसरा किंचित चढा लागला."

अख्तरने त्याचा चेहरा न्याहाळला.

"दोन्ही वेळा मी एकच लावला होता," ती म्हणाली.

आत कपबश्या वाजत असतील, रस्त्यावर कोणी ओरडत असेल. त्याला काही ऐकू येत नव्हतं.

"सोमवारी तू वाजवलंस ते मला पोकळ लागलं होतं," ती म्हणाली. "म्हटलं, मला काय कळतंय, सरळ केलेला पियानो असाच वाजत असेल. पण तू तर म्हणालास मोकळा बोलतोय. तेव्हापासून मनात सलत होतं. कधीपासून आहे हे?"

"दोन वर्षं झाली. आधी वरचे सूर गेले. आता सगळंच गढूळ झालंय."

"म्हणजे पियानो दबला नव्हता."

"नव्हता."

"आणि तीन दिवस मला रडू दिलंस."

"हो."

"वडिलांवर गेलास," अख्तर म्हणाली. ती ओरडली नाही, पण एवढं कडू तो तिच्या तोंडून आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होता, आणि हे मात्र त्याला स्वच्छ ऐकू आलं.

लहान मुलासारखा त्याने तिच्या चादरीचा काठ धरला. "आबजी, खरा कुठला? तो शेवटचा? तुला येतो ना? नुसती परीक्षा बघत होतीस ना माझी?"

"नाही येत रे," ती म्हणाली, आणि आता तिचे डोळे भरले. "दोन तऱ्हांनी येतो हे काही खोटं नव्हतं. कुठला खरा ते मला खरंच सांगता येत नाही. तुला आठवेल या आशेवर होते मी."

वारुजान मातीत होता, टेप झडतीत गेल्या होत्या. त्या सुराला ओळखणारं कोणी उरलं नव्हतं. फरामर्जने तोंडावर हात दाबून धरला, तरी हुंदका बाहेर आलाच.

गुलनूश चहा घेऊन आली आणि दारातच थबकली. "काय झालं? आठवला का? कुठला लावायचा, उस्ताद?"

फरामर्जने तिच्याकडे पाहिलं. आता सांगून टाकायचं, असं त्याने ठरवलं होतं. तोंड उघडलंही.

"पहिला," अख्तर मधेच म्हणाली. "उस्ताद म्हणाले, पहिला."

तिने डोळे पुसले, चादर सावरली आणि सूर लावला. गुलनूशने खुंटीवर चावी बसवली, पट्टी वाजवत, तार उतरवत गेली, आणि शेवटी थांबून बरोबर का म्हणून उस्तादांकडे पाहिलं. फरामर्जने अख्तरच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मान हलवली.